सगळं येतं, पण काम येत नाही

एक पत्र आलं आहे, त्यातला प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकची एक सव्वीस वर्षांची मुलगी उपयोजित कला शिकून बाहेर पडली. ती पोर्ट्रेट करते, मंडला काढते, कॅफेच्या भिंती रंगवते, रेझिनचे ट्रे विकते, लग्नपत्रिकेवरची नावं हाताने लिहून देते. इन्स्टाग्रामवर फॉलोअर बऱ्यापैकी आहेत, काम मात्र तुरळक. जो तो सांगतो, आधी निश, म्हणजे आपलं एक ठरलेलं खास काम, शोध, मग पर्सनल ब्रँड कर. तिचं म्हणणं: "ताई, एकच शैली धरायची तर कोणती? वारली सध्या चालतंय म्हणतात, ते करू का? आणि एकच धरलं तर कंटाळा नाही का येणार?" मी बरीच वर्षं पुण्यात अक्षरांकनाचं, म्हणजे नावांची-शीर्षकांची अक्षरं रचण्याचं, आणि मुखपृष्ठांचं काम करते. त्या अनुभवावरून तिलाच सांगते.

शैली शोधत बसू नकोस. ती हाताला मागाहून येते, आणि बऱ्याचदा आपल्याआधी दुसऱ्यांना दिसते. आधी ठरवायचं ते निमित्त. कुणाच्या घरात किंवा धंद्यात नेमकी कोणती वेळ आली की तुझ्या हाताची गरज पडते? आपल्याकडे ज्या चित्रकारांची नावं घराघरांत पोचली त्यांच्याकडे या नजरेने बघ. दीनानाथ दलालांनी १९४५ मध्ये 'दीपावली' हा दिवाळी अंक सुरू केला. ते चित्रं उत्तम काढायचे हे खरंच, पण उत्तम चित्रं काढणारे त्या काळात आणखीही होते. दलालांचं नाव दिवाळी अंक या वस्तूला चिकटलं. वर्षातून एकदा, ठरलेल्या वेळी अंक घरी यायचा आणि मुखपृष्ठावर ती सही असायची. रघुवीर मुळगावकरांचं कॅलेंडरांशी तसंच झालं. स्प्रेने केलेली ती मऊ, तजेलदार देवादिकांची चित्रं वर्षभर भिंतीवर असायची, नाव विसरायची सोयच नव्हती.

कमल शेडगे यांचं उदाहरण तुझ्या जास्त जवळचं आहे. नवं नाटक आलं की निर्मात्याला नाटकाच्या नावाची अक्षरं लागणार, आणि ती वर्तमानपत्रातल्या दाटीवाटीच्या जाहिरातींत उठून दिसली पाहिजेत. हे काम शेडगे यांनी कित्येक दशकं केलं. २०२० मध्ये ते गेले, पण त्यांचं अक्षर अजून लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. आता गंमत बघ. त्यांची म्हणावी अशी एकच शैली नव्हती. ऐतिहासिक नाटकाचं अक्षर वेगळं, फार्सचं वेगळं, शोकांतिकेचं वेगळं. निमित्त एकच असल्यामुळे अक्षरं दरवेळी बदलली तरी ओळख बदलली नाही. कंटाळ्याबद्दलच्या तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे.

गोव्याचे व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांचं मात्र उलट, हेही मान्य करायला हवं. ती रेषा रस्त्याच्या पलीकडून ओळखू येते. पण तिथेही नुसत्या रेषेवर भागलं नाही. मिस निंबूपानी, मिस फोन्सेका ही पात्रं नियतकालिकांतून वाचकांना पुन्हा पुन्हा भेटत राहिली, आणि गोव्यातलं गाव, बाजार, चर्चपुढची गर्दी हा त्यांचा मुलूख ठरून गेला. आज गोव्याहून येणारा माणूस मारिओची टाइल किंवा कॉफीचा मग घेऊन येतो, त्याला चित्रकलेत रस असो वा नसो. त्याला गोव्याची आठवण हवी असते.

आता तुझ्याकडे वळू. गेल्या दोन वर्षांत ज्या कामांचे पैसे मिळाले तेवढीच वहीत उतरव. कोण आलं, कशासाठी आलं, किती दिले, कुणाच्या सांगण्यावरून आलं आणि परत आलं का. लाइक्सचा रकाना नको. तुझे फॉलोअर बहुतेक कोण असणार हे मला न बघता सांगता येईल: इतर चित्रकार, कलाशाळेतली मुलं आणि नातेवाईक. ते कौतुक करतात, ऑर्डर देत नाहीत. वही भरून झाली की पोर्ट्रेटच्या ओळी एकेकट्या दिसतील, वाढदिवसाला एकदा घेतलं आणि विषय संपला. शिवाय फोटोवरून पोर्ट्रेट हे काम फिल्टर आणि एआयने बरंच खाल्लंय. कॅफेची भिंत एकदा रंगली की मालक परत येत नाही, आणि कॅफे टिकेलच असंही नाही. रेझिनमध्ये तुझी स्पर्धा ऑनलाइन मिळणाऱ्या स्वस्त मालाशी आहे. पण तू पत्रात ओघात एक वाक्य लिहून गेली आहेस की एक छापखानेवाले काका दर लग्नसराईत नावं लिहून घ्यायला फोन करतात. माझं लक्ष तिथे अडकलं. सगळ्या यादीत परत येणारं गिऱ्हाईक हे एकच आहे, आणि ते तू फार हलक्यात घेतलंस.

म्हणून माझं मत सरळ सांगते: देवनागरीत नाव लिहिणं. पत्रिकेवरचं, दारावरचं, दुकानावरचं. वस्तू वेगवेगळ्या, गरज एकच. माणसाला आपलं नाव नीट, आपलंसं लिहून हवं असतं.

यातला दुकानाच्या पाट्यांचा भाग नीट समजून घे. महाराष्ट्रात दुकानांवर मराठी पाटी बंधनकारक आहे. २०२२ च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेली छोटी दुकानंही त्यात आली, आणि मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नकोत हेही आलं. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा सगळीकडे एकच धावपळ उडाली. बोर्डवाल्यांनी हाताला लागेल तो फुकटचा फॉन्ट घेऊन रातोरात नावं चढवली. आज बाजारात चक्कर मार. इंग्रजी नाव डिझायनरकडून करून घेतलेलं आणि खाली मराठी नाव सरकारी नोटिशीच्या टायपात. दुकानदाराला ते खुपतं, पण कुणाला सांगायचं हे त्याला माहीत नसतं. तुझं निमित्त ते हेच.

आणि हे काम नुसतं सुंदर अक्षर येण्याने होत नाही, म्हणूनच त्यात तुझी जागा होऊ शकते. एक उदाहरण देते. एसीपीच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेल्या पत्र्याच्या, बोर्डावर अ‍ॅक्रिलिकची कापीव अक्षरं लावतात. रोमन अक्षरं सुटी असतात, एकेक चिकटवलं की झालं. देवनागरीत शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात कापता येतो, पण अनुस्वार वर एकटा राहतो. तो ठिपका बोर्डवाला वेगळा चिकटवतो. दोन पावसाळे गेले की गोंद सुटतो, ठिपका गळतो आणि 'चंदन ज्वेलर्स'चं 'चदन ज्वेलर्स' होतं. उपाय साधा आहे. अनुस्वाराला शिरोरेषेतूनच एक बारीक देठ काढायचा, तोही अक्षराचाच भाग वाटेल असा. मग तुकडा एकच राहतो. दुसरं, 'द्ध', 'ष्ट', 'ह्य' यांसारखी जोडाक्षरं. कागदावर ती छान दिसतात, पण फूटभर उंचीच्या पाटीवर, रात्री मागून एलईडी लागला की आतल्या पोकळ्या प्रकाशाने बुजतात आणि लांबून नुसता गोळा दिसतो. तिथे जोडाक्षर उभं न रचता आडवं मोकळं करायचं, आतली जागा मुद्दाम जास्त सोडायची. उकार शिरोरेषेपासून किती खाली जाणार हे बोर्डाची उंची विचारून मगच ठरवायचं, नाहीतर 'गुरुकृपा' लिहिताना खालचा भाग कापला जातो किंवा सगळं नाव बारीक करावं लागतं. ही माहिती कुठल्या क्लासात मिळत नाही. कापणाऱ्या कारागिराशेजारी उभं राहून मिळते. अशा दहा-पंधरा गोष्टी तुला कळल्या की गावातले बोर्डवाले तुला स्वतः फोन करतील, कारण तुझी फाइल त्यांना त्रास देत नाही. निश म्हणतात ती ही, आणि ती नक्कल करून कुणी नेऊ शकत नाही.

हेच निमित्त तू घ्यावंस असा माझा हट्ट नाही. वहीत दुसरं काही निघालं तर ते घे. पण त्याला चार प्रश्न विचार. याची गरज असलेली पाच खरी माणसं तुला आज नावानिशी सांगता येतात का? गरज पुन्हा पुन्हा पडते का? ती माणसं जिथे आधी जातात, त्या दुकानदाराशी किंवा कारागिराशी तुझी ओळख होऊ शकते का? आणि तेच काम पन्नासाव्यांदा आलं तरी तुला त्यात काही करून बघावंसं वाटेल का? शेवटचा प्रश्न मनापासून सोडव, बाकीचे व्यवहाराचे आहेत.

वारली मात्र नको. ती काही बाजारातून उचलायची शैली नाही. डहाणू-जव्हारकडच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, आणि तो लिहिण्याचा मान सवाशिणींचा असतो. जिव्या सोमा म्हशे यांनी ती कला कागदा-कापडावर आणली, तिच्यात रोजच्या जगण्याचे विषय आणले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. वारली चित्रांची भौगोलिक मानांकनात नोंदही आहे, आणि त्या पाड्यांवरचे कलाकार आजही या कामावर पोट भरतात. तू कुशनकव्हरवर त्रिकोणी माणसं नाचवलीस तर त्यांच्या पोटावर पाय येतो, आणि तुझंही नाव होत नाही, कारण बघणाऱ्याला तुझं काम आणि मशिनवर छापलेलं काम यातला फरक सांगता येणार नाही. वारली आवडत असेल तर त्यांच्याकडून विकत घे आणि घरात लाव.

कंटाळ्याचं उरलेलं अर्धं उत्तर. पैशाचं काम आणि स्वतःचं काम या दोन वह्या ठेव. बाजाराला एकच वही दाखव, दुसरी कुणाला न दाखवता भरत राहा. चित्रकार सय्यद हैदर रझा आधी निसर्गचित्रं करायचे. १९४७ मध्ये मुंबईतल्या प्रोग्रेसिव्ह ग्रुप या चित्रकारांच्या गटाच्या संस्थापकांत होते, १९५० मध्ये पॅरिसला गेले, आणि आज ज्या बिंदूवरून आपण त्यांना ओळखतो तो चित्राच्या मध्यभागी ठाण मांडून बसला तोवर त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. चित्रकार एम. एफ. हुसेन उमेदीच्या काळात सिनेमाची होर्डिंग्ज रंगवायचे. सव्वीसाव्या वर्षी धरलेली निश जन्मभर धरून बसायची नसते. पण दर तीन महिन्यांनी बदलायचीही नसते. दोन लग्नसराया आणि एक दिवाळी जाईपर्यंत काहीही बदलू नकोस. लोकांच्या डोक्यात एक गोष्ट बसायला आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जास्त वेळ लागतो.

आता ब्रँड. ब्रँड म्हटलं की मुली आधी लोगो करायला बसतात, रंगांची पट्टी ठरवतात, 'अमुक क्रिएशन्स' नाव घेतात. ते सगळं राहू दे. स्वतःचं नाव वापर. 'क्रिएशन्स' शंभर असतात आणि त्यातलं एकही लक्षात राहत नाही. इथे मुलींपुढे एक जास्तीचा पेच असतो, तो आत्ताच सोडव. लग्नानंतर आडनाव बदलायचं का हा तुझा घरगुती निर्णय, पण कामावरचं नाव बदलायचं नाही. वाटलं तर आडनाव न लावता सही कर, किंवा आईचं नाव लाव, काहीही कर, पण आज जे ठरवशील ते कायम. मराठीतलं आणि इंग्रजीतलं स्पेलिंगही सगळीकडे एकच हवं, कारण लोक रोमनमध्ये टाइप करून शोधतात. सही वाचता आली पाहिजे. दलालांची सही कुणालाही वाचता यायची. आजकाल सह्या म्हणजे नुसता फराटा असतो. चित्र आवडलं तरी कुणाचं ते कळत नाही.

प्रोफाइलच्या ओळीत 'आर्टिस्ट, ड्रीमर, कॉफी लव्हर' असलं काही असेल तर काढ. त्याऐवजी: 'दुकानाच्या व दाराच्या पाट्या, लग्नपत्रिका यांसाठी देवनागरी अक्षरं. नाशिक. कामासाठी व्हॉट्सअ‍ॅप करा.' कंटाळवाणं वाटेल, पण ज्याला पाटी हवी आहे त्याला हे वाचून आनंद होतो. जुन्या पोस्टपैकी मंडला आणि रेझिन अर्काइव्ह कर. नव्या पोस्टमध्ये पांढऱ्या कागदावरचं अक्षर कमी दाखव, जागेवरचं जास्त दाखव. पाटी दुकानावर चढलेली, सकाळच्या उन्हात आणि रात्री दिवे लागल्यावर. दारावरची पाटी, शेजारी तोरण आणि चपलांसकट. मालकाने काय सांगितलं होतं, पहिले कोणते नमुने नाकारले, का नाकारले, हे दोन ओळींत लिही. लोकांना नाकारलेले नमुने बघायला फार आवडतं, आणि तू विचार करून काम करतेस हे न सांगता कळतं. बोरू वळताना 'क्ष'ची गाठ कशी पडते त्याचा वीस सेकंदांचा व्हिडिओ चालेल, पण रोज तेच नको. आणि २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनाचं सुलेखन टाकायचा मोह आवर. त्या दिवशी महाराष्ट्रातला प्रत्येक बोरू त्याच चार ओळी लिहीत असतो.

तरी इन्स्टाग्राम हा तुझ्या कामाचा लहान भाग समज. मोठा भाग पायी करायचा आहे. बारा-चौदा पानांची छोटी नमुना वही जाड कागदावर छापून घे. ती पाच बोर्डवाले, तीन छापखाने आणि दोन इंटिरिअरवाले यांच्या काउंटरवर राहिली पाहिजे. गिऱ्हाईक पाटीची ऑर्डर द्यायला तिथे येतं, तुझ्या प्रोफाइलवर नाही. बोर्डवाल्याने काम आणलं तर त्याचा वाटा किती हे आधीच बोलून घे, मागून बोललं की कटुता येते. दिवाळी अंकांची शीर्षकं आणि मुखपृष्ठं मिळाली तर घे. पैसे बेताचे मिळतात, पण आत श्रेयनामावलीत नाव छापून येतं आणि अंक घरात राहतो. नाव छापणार का हे मात्र काम घेण्याआधी विचार. कुठल्याही नवख्या माणसाने 'तुम्हाला पब्लिसिटी मिळेल' म्हणत फुकट मागितलं तर नम्रपणे नाही म्हण.

दराबद्दल तू विचारलं नाहीस, पण सांगते, कारण नाव होण्यात दराचा वाटा मोठा असतो. तासावर पैसे लावू नकोस. तुझा हात जितका भरभर चालेल तितके पैसे कमी मिळतील. अक्षर कुठे आणि किती दिसणार त्यावर लाव. दाराची पाटी घरच्यांपुरती, दुकानाची पाटी धंद्याची, आणि तेच अक्षर पिशव्या, बिलं, गाडी, तीन शाखा यांवर जाणार असेल तर वेगळा हिशोब. व्हॉट्सअ‍ॅपवर कामाला होकार देताना एवढं लिहून पाठव: 'एक रचना, तीन कच्चे नमुने, दोनदा दुरुस्ती. निम्मी रक्कम आगाऊ. अंतिम फाइल पूर्ण रक्कम मिळाल्यावर. वापर: एका दुकानाची पाटी व बिल. इतर वापर वेगळ्या दराने.' समोरच्याने 'ओके' लिहिलं की पुढचे निम्मे वाद मिटतात.

मोठ्या कामाला सहीचा कागद हवाच. कॉपीराइट कायदा १९५७ मधल्या दोन-तीन गोष्टी चित्रकाराला पाठ असाव्यात. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून पेंटिंग किंवा पोर्ट्रेट केलं आणि वेगळं काही ठरलेलं नसलं, तर कॉपीराइटचा पहिला मालक काम करवून घेणारा ठरतो. हे कलम १७ मध्ये आहे. म्हणजे ते पोर्ट्रेट तू नंतर प्रिंट काढून विकू शकत नाहीस. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी लागतात, आणि कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. ते कलम १९. आणि हक्क विकले तरी 'हे काम माझं आहे' म्हणण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुझ्याकडेच राहतो. तेव्हा 'सर्व हक्क कायमचे' असं छापलेला कागद समोर आला की तिथेच थांब, कोणते हक्क, किती वर्षं, कुठे ते विचार, आणि दर वाढव. बहुतेक वेळा त्यांना एवढे हक्क नकोच असतात, वकिलाने दिलेला नमुना कुणी वाचलेला नसतो.

शेवटी क्लासचं. पत्राच्या तळाला विचारलं आहेस की सुलेखनाचा क्लास काढू का, मैत्रिणींचे चांगले चालतात. चालतात, पण वर्षभर क्लास घेतलास की गावात तुझी ओळख क्लासवाल्या ताई अशी होते, आणि दुकानदार तुझ्याकडे पाटीसाठी येत नाही. शिकवायला आवडत असेल तर दोन दिवसांच्या कार्यशाळा घे. त्याही मे महिन्यात, कारण तोवर लग्नपत्रिका छापून झालेल्या असतात आणि दिवाळी अंकांची कामं अजून यायची असतात.